लग्नानं माझी पेन्शन जात नाही, बाबा

पुणे, 4 जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना बेबीचा शि. सा. नमस्कार.

परवा फोन मध्येच कट झाला ते बरंच झालं, नाहीतर भांडणच झालं असतं. मंगळवेढ्याचं स्थळ तुम्हाला पसंत, मुलगा पसंत, आणि तरी बाबा म्हणाले, "लग्न केलंस की माझ्या रेल्वेच्या पेन्शनवरचा तुझा हक्क जातोय बघ. आमच्या मागं काय करशील?" त्यानंतर मला झोप लागेना. रविवारी इथल्या एका रिटायर्ड रेल्वेवाल्या काकांकडे जाऊन नियम वाचूनच आले.

बाबा, तुम्ही म्हणता तो नियम खोटा नाही, पण तो धडधाकट मुलीचा आहे. तिची फॅमिली पेन्शन, म्हणजे बापामागं घरच्यांना मिळणारी, लग्न झालं की बंद. माझ्यासारख्या दिव्यांग मुलामुलीचं तसं नाही. केंद्रानं 2012 मध्येच ठरवलंय की लग्न झालं तरी त्यांचा हक्क राहतो, आणि रेल्वेलाही तेच लागू. तुमच्या मागं आधी आईला, जन्मभर. दादानं पंचविशीची मर्यादा कधीच ओलांडली, त्याचा प्रश्न नाही. मग मी.

अट लग्नाची नाही, कमाईची आहे. 2021 पासून हिशेब असा: माझं उत्पन्न तुमच्या शेवटच्या पगाराच्या 30 टक्के अधिक त्यावरचा महागाई भत्ता, याच्या आत हवं. तुमचं बेसिक 42,300 होतं ना? म्हणजे 12,690, वर महागाई वेगळी. दुकानाचे हिशेब लिहून मला मिळतात आठ हजार. म्हणजे मी बसते. (उद्या पगार वाढून त्याच्या वर गेला तर पेन्शन जाईल, हे खरं. पण पगार वाढल्याचं दुःख करत बसणार आहोत का आपण?)

शेजारच्या काकूंनी तुम्हाला त्यांच्या दिव्यांग भाचीचं उदाहरण दिलं असणार. तिचं लग्नानंतर बंद झालं ते संजय गांधी निराधारचं अनुदान. ती राज्याची योजना, निराधारांसाठीची, आणि तिथं सगळ्या कुटुंबाचं उत्पन्न धरतात. दिव्यांगाला मर्यादा वर्षाला 50 हजार. महिन्याला सव्वाचार हजारसुद्धा नाही! आपल्याकडं यंत्रमागावर कांड्या भरणारीसुद्धा याच्या वर जाते. दिव्यांगांचं अनुदान आता दीड हजाराचं अडीच हजार केलंय, पण नवऱ्याला जेमतेम पगार असला तरी बायको 'निराधार' उरत नाही. पाय काय लग्नानं बरा होतो? मला हे पटत नाही, पण तुमची पेन्शन असताना ते अनुदान आपल्याला कधी मिळणारच नव्हतं, तेव्हा त्याची भीती आपल्याला कशाला?

उलट दिव्यांग-अव्यंग, म्हणजे एक दिव्यांग आणि एक धडधाकट अशा विवाहाला सरकारच मदत देतं. 2014 मध्ये ठरली तेव्हा 50 हजारांची होती, त्यातले पाचशे म्हणे स्वागत समारंभाला! पाचशेत आपल्याकडं नुसती शेंगाचटणीसुद्धा पुरणार नाही. आता किती ते जिल्हा परिषदेत समाजकल्याणला विचारू. लग्नानंतर वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो.

आता तुमचं काम. कपाटात वरच्या खणात, आईच्या लग्नातल्या शालूखाली, पिवळ्या पिशवीत तुमचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश आहे. त्याच पिशवीत माझं 55 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. त्या पीपीओवर माझं नाव नाही, मागच्या दिवाळीत मी बघितलंय. तुमच्या हयातीतच ते दिव्यांग मुलगी म्हणून चढवून घेऊ. सोलापूरच्या डीआरएम ऑफिसला, म्हणजे रेल्वेच्या विभागीय ऑफिसला, एकटे जाऊ नका, जिन्याचा त्रास होतो. आपण दोघं जाऊ. मी जिन्यात हळू, तुम्हीही हळू.

आई, तू मध्ये पडू नकोस असं मी म्हणाले ते मनावर घेऊ नकोस. रागात बोलले.

सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षतेच्या आदल्या रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं येते. मंगळवेढ्याच्यांना गड्डा, म्हणजे ती जत्रा, संपल्यावरचा वार कळवा, गर्दीत पायाला आधाराचा कॅलिपर लावून मला धड उभंही राहता येत नाही. आणि पिशवीतली कागदं काढून ठेवा, पण झेरॉक्स मी आल्यावरच. मागच्या वेळी तुम्ही मूळ सर्टिफिकेट दुकानातच विसरून आला होतात.

तुमची,
बेबी