किंग्जचे गाव कोणते?

संपादक महोदय,

कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाविषयी आपल्याकडे जे काही छापून येते, ते बहुधा ‘मुंबईकर मालकाचा संघ’ येथून सुरू होते आणि सलग सोळा हंगाम प्लेऑफविना काढण्याचा एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील सर्वांत मोठा दुष्काळ त्याने २०२२-२३ मध्ये संपवला, येथे मिटते. आपल्या क्रीडापानावरील लेखही त्याला अपवाद नव्हता, आणि विजेत्यांच्या तक्त्यात १९५१ समोर ‘सॅक्रॅमेंटो’ असे छापले होते. मालक विवेक रणदिवे जुहूचे, हे खरेच. पण २०१३ मध्ये त्यांनी संघ घेतला तेव्हा पणाला काय लागले होते, हे सांगितल्याखेरीज त्या हंगामाचे मोल कळत नाही.

हा संघ मुळात सॅक्रॅमेंटोचा नव्हे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरमध्ये तो ‘रॉयल्स’ म्हणून खेळत असे आणि त्याचे एकमेव एनबीए विजेतेपद तेथलेच, १९५१ चे. अंतिम फेरीत न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिले तीन सामने जिंकून पुढचे तिन्ही घालवले आणि सातवा ७९-७५ असा कसाबसा पदरात पाडून घेतला. १९५७ मध्ये बिऱ्हाड सिनसिनाटीला हलले. तेथे ऑस्कर रॉबर्टसनसारखा खेळाडू लाभला, ज्याने १९६१-६२ च्या हंगामात गुण, रीबाउंड (हुकलेला चेंडू पकडणे) आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुणासाठी दिलेला पास) या तिन्हींत दोन आकडी सरासरी राखली. तरीही पुढे प्रेक्षक आटले आणि १९७२ मध्ये संघ कॅन्सस सिटी व ओमाहा अशा दोन गावांत विभागून खेळू लागला. कॅन्सस सिटीत बेसबॉलचे रॉयल्स आधीच असल्याने ‘किंग्ज’ हे नाव घ्यावे लागले. सॅक्रॅमेंटोला तो आला १९८५ मध्ये.

तेथूनही तो जाणारच होता. आधीच्या मालकांनी सिएटलच्या खरेदीदारांशी व्यवहार ठरवला होता. मे २०१३ मध्ये एनबीएच्या संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले, तेही महापौर केव्हिन जॉन्सन (हे स्वतः एनबीएत खेळलेले) यांनी स्थानिक बाजूने खरेदीदार उभे केले आणि नव्या स्टेडियमसाठी शहराने स्वतःच्या तिजोरीतून २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली म्हणून. आम्हा पुणेकरांना वॉरियर्स आणि सुपरजायंट असे आयपीएलचे दोन संघ मिळाले आणि दोन्ही गेले. त्यासाठी कोणी रस्त्यावर उतरल्याचे मला तरी आठवत नाही.

या पार्श्वभूमीवर २०२२-२३ कडे पाहावे. ४८ विजय, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक, संघाचे माइक ब्राउन एकमताने लीगमधील सर्वोत्तम प्रशिक्षक, रीबाउंडमध्ये संघाचा सबोनिस लीगमध्ये पहिला. त्याच हंगामापासून विजयानंतर एक मोठे बटण दाबायचे आणि स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या लेसरचा झोत आकाशात सोडायचा, ही प्रथा पडली. संघ परगावी जिंकला तरी झोत लागतो, त्यामुळे सामना न पाहणाऱ्यालाही अंगणात उभे राहून निकाल कळतो. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध पहिले दोन सामने जिंकूनही निर्णायक सातव्यात, घरच्याच मैदानावर, वॉरियर्सच्या स्टीफन करीने ५० गुण ठोकले आणि सारे तेथेच थांबले. त्यानंतरची उतरण फार लांबवण्यात अर्थ नाही: डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना काढले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संघाचा प्रमुख खेळाडू डिअॅरन फॉक्सही सॅन अँटोनिओच्या संघात गेला.

मुंबईशी असलेल्या नात्याचा उल्लेख करायचाच, तर ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध झालेल्या दोन सराव सामन्यांचा करावा. भारतात झालेले ते एनबीएचे पहिले सामने. किंग्ज दोन्ही हरले, पहिला तर जादा वेळेत एका गुणाने.

विनंती एवढीच की, विजेत्यांच्या तक्त्यात १९५१ समोर ‘सॅक्रॅमेंटो’ न छापता ‘रॉचेस्टर रॉयल्स’ असे छापावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे