आधी नळाला तोटी बसवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपूरला आपले ‘बिल्बाओ’ हवे, म्हणजे स्पेनमधल्या त्या शहरासारखी लोकांना खेचणारी एखादी भव्य वास्तू हवी, हा कालचा अग्रलेख वाचला. भाषा झकास. तिथल्या गुगेनहाइम संग्रहालयाला वास्तुकार फ्रँक गेरींनी लावलेल्या टायटॅनियमच्या पत्र्यांवर अख्खा परिच्छेद आहे. पण ते संग्रहालय १९९७ मध्ये उघडले, मेट्रो १९९५ मध्येच धावू लागली होती आणि कारखान्यांनी नासवलेली नदी साफ करायला तर त्याच्याही कितीतरी आधी घेतली होती, हे कुठेच नाही. मेट्रो आपल्याकडेही आली, मान्य. नाग नदीचे नाव मात्र लेखात शोधून सापडले नाही.

देखण्या वास्तूचा अनुभव आम्ही नुकताच घेतला. शहरातल्या एका चकचकीत सभागृहात आईला नाटकाला नेले. तिने ऐंशी ओलांडलेली. बाहेर काचा, आत झुंबर, आणि बायकांचे स्वच्छतागृह तळघरात! लिफ्ट होती, तिला कुलूप. किल्लीवाला चहाला गेलेला. मध्यंतरात बायकोने आईला धरून कसेबसे खाली नेले, तर नळाला तोटीच नाही. पाइपात चिंधी कोंबलेली आणि खाली रंगाचा रिकामा डबा. वर येईस्तोवर तिसरा अंक बराच पुढे गेला होता. आई म्हणाली, ‘‘चाल बापा घरी, पुढचं तूच सांगजो मले.’’ तक्रारवही मागितली, तर ‘ती ऑफिसात असते, सोमवारी या.’ झुंबर मात्र रविवारीही चालू होते.

दीक्षाभूमीचा दाखला आपण उगाच दिलात. तिथे लोक १९५६ पासून येताहेत. स्तूपाचे लोकार्पण २००१ चे. लाखोंची पावले आधी, घुमट नंतर. आणि गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्यांना तर घुमटही लागत नाही. मांडव घालतात, रात्रभर गाव जागचे हलत नाही. तरी भव्य वास्तू व्हायची तर होऊ द्या, आमची ना नाही. फक्त उद्‌घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना एकदा तळघरही दाखवा.

जाता जाता, संस्कृतीची एवढी कळकळ आहे म्हणून विचारतो : आपल्या अंकातले ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर कुठे गेले? त्या जागी हल्ली बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटच्या जाहिराती असतात. हे नाटकही आम्हाला शेजाऱ्यांकडून कळले.

आपला,
एक जुना वर्गणीदार, महाल, नागपूर