बीपीचा मोठा पट्टा ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. आईचं वजन 108 किलो, बेंबीजवळ हर्निया झालेला. जवळच्या एका हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं तर सिस्टरनी दंडाला गुंडाळलेला बीपीचा पट्टा पुरेना, वेलक्रो जेमतेम बोटभर चिकटलं आणि हवा भरली की चर्रकन सुटायचं. शेवटी मी दोन्ही हातांनी धरून ठेवला तेव्हा बीपी आलं 168. भूल देणारे डॉक्टर म्हणाले एवढ्या बीपीवर नको, गोळ्या वाढवून पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात परत तेच. दोन्ही वेळा आई रात्रीपासून उपाशी, आणि हर्निया अडकला तर काय ही धाकधूक वेगळीच. मग गोव्याला नेलं, तिथं आधी मोठा पट्टा शोधून आणला, बीपी 146, चार दिवसांनी ऑपरेशन झालं.

पट्टा लहान पडला की बीपी खोटं जास्त दिसतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 साली हे मोजून दाखवलंय, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचं बीपी सरासरी 19.5 नं जास्त येतं. म्हणजे आई दोनदा उगाच परत आली!

जाड माणसाच्या ऑपरेशनला धोका जास्त हे मला मान्य आहे. सर्जननी नीट समजावलं, चरबीला रक्तपुरवठा कमी म्हणून जखम उशिरा भरते, पू होण्याची भीती असते, हर्निया परत येऊ शकतो, घोरणाऱ्याला भुलीनंतर श्वासाचा त्रास होतो. आईच्या टाक्यातून पण पाणी यायला लागलं, अकरा दिवस ड्रेसिंग चाललं. पण सगळ्यात जास्त बजावलं होतं ते चालण्याबद्दल, दुसऱ्या दिवसापासून उठवा नाहीतर पायात रक्ताची गाठ होईल, छातीत कफ साठेल. आता त्याच वॉर्डात एक मावशी आईला उठवताना मोठ्यानं म्हणाली, "हिला उचलायला चार माणसं लागतील." सगळा वॉर्ड बघत होता. आई त्यानंतर दोन दिवस कॉटवरून उठेना, बाथरूमला पण मला एकटीलाच हाक मारायची, मावशी दिसली की डोळे मिटून पडायची. मला तेव्हा रडू आलं, कारण जे चालणं तिला वाचवणार होतं तेच एका वाक्यानं बंद पडलं.

"आधी वजन कमी करा" सगळेच सांगतात. वेळ असेल तर करावंच, पण गुडघे गेलेले, त्यात पोटात हर्निया, ती बाई दोन महिन्यांत काय कमी करणार?

आणि आई काही एकटी नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 24 टक्के बायकांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 25 किंवा जास्त, म्हणजे वजन जास्त निघालं, त्यातल्या सगळ्यांना मोठा पट्टा लागत नसेल पण काहींना लागणारच. तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात निदान एक मोठा पट्टा, एक रुंद व्हीलचेअर आणि जास्त वजनाचा काटा ठेवावा. पट्टा तर मोठ्या मेडिकलमध्ये पण मागवून मिळतो. तोपर्यंत ज्यांचे दंड मोठे आहेत त्यांनी बीपी बघताना "मोठा पट्टा लावा" असं स्वतः सांगा, लाजू नका, आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आपली,
एक वाचक, ता. वेंगुर्ला