रोज एक पान, पुस्तक मिटून

महोदय,

परीक्षा जवळ आल्या की गंगापूर रोड परिसरातील अभ्यासिका भरून जातात; मात्र तेथील अनेक मुलांच्या हातात पेनाऐवजी रंगीत हायलायटर दिसतो. ओळी रंगवून त्या पुन्हापुन्हा वाचल्या की विषय ओळखीचा वाटू लागतो आणि ही ओळख म्हणजेच आकलन, असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर, तो न पाहता आठवून लिहून काढणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले.

नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाची पदवी घेताना पहिल्या वर्षी मी नुसता वाचत राहिलो आणि पेपरात अडकलो. पुढे सातपूरहून घरी परतल्यावर, चहा होईपर्यंत, आदल्या रात्री वाचलेल्या प्रकरणातील जे आठवेल ते जुन्या डायरीत एक पानभर लिहू लागलो. जिथे पेन थांबे, तेवढाच भाग पुन्हा वाचायचा. (अक्षर कुणाला दाखवण्याजोगे नव्हते, हा भाग वेगळा.) वेळ आणि जागा ठरलेली असल्यामुळेच ही सवय टिकली.

फळ्यावरची उत्तरे वहीत उतरवणे हे असे लेखन नव्हे, हे शिक्षकांनी आणि पालकांनीही लक्षात घ्यावे. अभ्यासिकांच्या चालकांनी रोज संध्याकाळी अर्धा तास पुस्तके आणि मोबाइल बाजूला ठेवून केवळ लिहिण्यासाठी राखावा, अशी विनंती आहे.

– एक वाचक, नाशिक