लिस्बनहून दिनूला: कर कुठे भरायचा, पासपोर्ट कुठला ठेवायचा

लिस्बन,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिनू,

सावंतवाडीत बसून अमेरिकेतल्या क्लायंटचं काम करताना कर कुठे भरावा आणि पासपोर्ट कुठला घ्यावा, हे विचारणारी तुझी मेल मिळाली. सोबत पाठवलेली, परदेशी पासपोर्ट आणि करबचतीचे मार्ग सांगणाऱ्या त्या एजंटची क्लिपही नीट ऐकली. उत्तराला उशीर झाला, कारण वरवरचं काही लिहून पाठवायचं नव्हतं. आधी माझं मत सांगून टाकतो. नुसता कर वाचवायला दुबईला जाऊ नकोस. कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटाचं नागरिकत्व विकत घ्यायचा विचार डोक्यातून काढ. आणि वहिनींच्या पोर्तुगीज पासपोर्टसाठी कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी हे पत्र त्यांना वाचून दाखव.

तो एजंट तीन गोष्टी एका दमात बोलतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, एक मिळाली की बाकीच्या आपोआप मिळाल्या. परक्या देशात राहायची परवानगी, त्या देशाला कर देणं आणि तिथलं नागरिक होणं, या तिन्हींचे कायदे वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. माझंच बघ. परदेशी कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी पोर्तुगालने २०२२ च्या ऑक्टोबरअखेर डी-८ व्हिसा सुरू केला. त्यावर मी २०२३ मध्ये आलो. महिन्याची कमाई इथल्या किमान वेतनाच्या चौपट दाखवावी लागते, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने ३,४८० युरो. कर मी इथे आल्यापासून भरतोय. नागरिक मात्र आजही भारताचा आहे. आलो तेव्हा पाच वर्षं राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येत होता. गेल्याच महिन्यात इथल्या संसदेने आपल्यासारख्यांसाठी ती मुदत दहा वर्षांची करणारा कायदा मंजूर केला. हे पत्र लिहिताना तो लागू झालेला नाही, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं. 'पाच वर्षांत युरोपचा पासपोर्ट' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विसंबू नकोस.

आता मुख्य मुद्दा. भारत कर लावतो तो तू वर्षात किती दिवस भारतात होतास ते बघून. पासपोर्टचा रंग बघून नव्हे. आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिलास की तू भारताचा करनिवासी, आणि एकदा पक्का निवासी ठरलास की जगात कुठेही कमावलेलं भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. म्हणजे अडीच लाख डॉलर मोजून सेंट किट्सचं नागरिकत्व घेतलंस (१९८४ पासून ते विकतात आणि तिथे वैयक्तिक आयकर नाही, इतपत तो एजंट खरं बोलतो) आणि सावंतवाडीच्या घरातच बसून काम करत राहिलास, तर कर जसाच्या तसा भारतालाच जाणार. वर स्वतःच्या गावात राहायला तुला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांचं कार्ड, काढावं लागेल. माल्टाही असंच नागरिकत्व देत होता. तो व्यवहार युरोपियन न्यायालयाने यंदाच्या २९ एप्रिलला बेकायदा ठरवला. बाजारात विकत मिळणाऱ्या नागरिकत्वावर आयुष्याची बचत लावणं मला धोक्याचं वाटतं.

दुबईचं जरा बारकाईने बघायला हवं, कारण तिथे खोट नेमकी तुझ्या बाबतीत आहे. अमिरातीत घरून काम करणाऱ्यांना एक वर्षाचा परवाना मिळतो, महिन्याला ३,५०० डॉलरची कमाई दाखवली की झालं. पगारावर किंवा अशा कमाईवर आयकर नाही. सगळं खरं. पण आपल्याकडे २०२०-२१ पासून एक नियम आला आहे: भारतीय नागरिकाचं परदेशी स्रोत सोडून बाकीचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र नसेल, तर त्याला भारताचाच निवासी मानायचं. तुला वाटेल, माझा क्लायंट अमेरिकेत, पैसे डॉलरमध्ये येतात, म्हणजे स्रोत परदेशीच. तसं नाही. भारतातून चालवलेला धंदा किंवा भारतात उभा केलेला व्यवसाय या नियमात परदेशी स्रोत धरला जात नाही. तुझं जीएसटी सावंतवाडीच्या पत्त्यावर, हाताखालची दोन मुलं कुडाळात, इन्व्हॉइस तिथूनच निघतात. तू स्वतः दुबईत बसलास तरी व्यवसाय भारतात उभा केलेलाच राहतो. हा एकच प्रश्न तुझ्या सीएला लेखी विचार आणि उत्तरही लेखी घे. कंपनीच्या नोकरीवर आखातात गेलेल्या माणसासाठी हा नियम नाही, तसं सरकारने नियम आणतानाच स्पष्ट केलं होतं. तुझी गोष्ट वेगळी आहे. शिवाय दुबईत कितीही वर्षं राहिलास तरी नागरिकत्वाकडे नेणारी सरळ वाट तिथे नाही, म्हणजे वहिनींना तुमच्या मुक्तासाठी हवं असलेलं स्थैर्य तिथे मिळत नाहीच.

आता पोर्तुगाल. इथे ये म्हणताना मला कोण आनंद होईल, ते तुला सांगायला नको. पण आकडे आहेत तसे मांडतो. तुझी वर्षाची जमा साठ लाखांच्या आसपास, सगळी बँकेतून. तू आयकर कायद्याच्या ४४एडीए कलमाखाली निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवतोस, म्हणजे करपात्र तीस लाख. नव्या करप्रणालीत त्यावर यंदा सेससकट जवळजवळ पाच लाख कर बसतो. साठ लाखांवर पाच लाख, दिनू! जगात फार कमी ठिकाणी स्वतंत्र काम करणाऱ्याला इतकी सवलत आहे.

तेच साठ लाख, म्हणजे ढोबळमानाने साठ हजार युरो, घेऊन तू इथे आलास तर काय होतं बघ. मी एका डच कंपनीला दर महिन्याला जे बिल देतो, ते इथल्या करखात्याच्या साइटवरूनच काढावं लागतं. लोक त्याला अजूनही 'हिरव्या पावत्या' म्हणतात, पूर्वीच्या कागदी पावत्या त्या रंगाच्या होत्या म्हणून. कर क्रमांक टाकायचा, ग्राहकाचा देश निवडायचा, काम कसलं ते निवडायचं. पावती निघाली की खात्याला त्याच क्षणी कळतं, लपवायला जागाच नाही. जमा रकमेच्या ७५ टक्के उत्पन्न धरतात, म्हणजे तुझे पंचेचाळीस हजार युरो. इथले टप्पे भराभर चढतात, सर्वांत वरचा ४८ टक्क्यांचा. पंचेचाळीस हजारांवर साधारण बारा हजार युरो कर होतो. त्याशिवाय सोशल सिक्युरिटी, म्हणजे सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी: जमेच्या ७० टक्क्यांवर २१.४ टक्के, म्हणजे आणखी नऊ हजारांच्या घरात. पहिलं वर्ष तिची माफी असते, आणि करातही पहिली दोन वर्षं थोडी सूट मिळते. पण पुढे कमाईचा तिसरा हिस्सा जाणार, असं धरूनच चाल. परदेशातून येणाऱ्या व्यावसायिकांना दहा वर्षं सपाट २० टक्के लावणारी जी जुनी योजना एजंट अजून सांगतोय, ती नव्या लोकांसाठी २०२४ पासून बंद झाली. तिच्या जागी आलेली योजना संशोधन आणि ठरावीक क्षेत्रांपुरती आहे.

त्या तिसऱ्या हिश्शाच्या बदल्यात मला सरकारी दवाखाना मिळतो आणि रात्री अकराला निर्धास्त चालता येईल असे रस्ते मिळतात. मला तो सौदा पटला. तुला पटेलच असं नाही. पण कर वाचवायला म्हणून इथे येणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

यायचं ठरवलंसच तर तारखा सांभाळ. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. कामासाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षापुरती १८२ दिवसांचीच कसोटी लागते, म्हणून २८ सप्टेंबरच्या आत निघालास तर ते अख्खं आर्थिक वर्ष तू अनिवासी. ऑक्टोबरात निघालास तर त्या वर्षी भारताचा निवासी आणि इथे कुठल्याही बारा महिन्यांत १८३ दिवस भरले की पोर्तुगालचाही. दोन्ही देशांनी कर मागितला तर त्यांच्यामधला करार बघतात: कायमचं घर कुठे, माणसं आणि पैशाचे व्यवहार कुठे, राहणं जास्त कुठे, आणि यातून काहीच ठरलं नाही तर नागरिकत्व. बघ, नागरिकत्वाचा नंबर कितवा लागतो ते. करार वापरायचा तर ज्या देशाचा निवासी म्हणवतोस त्या देशाचा करनिवासाचा दाखला लागतो, तोंडी सांगून चालत नाही. बँकेलाही कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागेल. १ एप्रिल २०२६ पासून भारतात नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे क्रमांक बदलतील, तेव्हा सीएशी बोलताना कुठल्या कायद्याचं कलम ते विचार.

राहिला वहिनींचा प्रश्न, आणि खरं तर मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. त्यांचे बाबा १९४८ साली गोव्यातल्या पेडण्यात जन्मले, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, पोर्तुगीज अमलात. पोर्तुगालच्या लेखी अशा माणसाचा नागरिकत्वाचा हक्क कायम आहे, आणि त्यांची नोंद लिस्बनला झाली की त्यांच्या मुलांनाही तो मिळतो. मुलांना ना इथे राहायची अट, ना भाषेची परीक्षा. एजंट इथवर बरोबर सांगतो. गोव्यातल्या हजारो घरांनी हे केलं, आणि ब्रेक्झिटच्या आधी त्यातले कितीतरी जण याच पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेले. तो रस्ता २०२१ पासून बंद आहे, पण युरोपियन युनियनच्या २७ देशांत राहायचा, नोकरी करायचा हक्क आजही मिळतो. लहान गोष्ट नाही ही.

पण तो जे सांगत नाही ते असं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम ९ नुसार भारताचं संपतं, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट हातात असणं हाच त्याचा निर्णायक पुरावा धरतात. ओसीआय कार्डावर येता-जाता येतं, राहता येतं. मतदान करता येत नाही. शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही, तेव्हा वेंगुर्ल्याच्या बागेला लागून असलेला तुकडा घ्यायचं तुमचं स्वप्न त्यांच्या नावावर उरणार नाही. आणि सरकारी नोकरी करता येत नाही. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, दिनू. त्या नोकरीसाठी त्यांनी काय केलंय, डीएडनंतर किती वर्षं वाट पाहिली, ते तुझ्याइतकंच मलाही ठाऊक आहे. युरोपात जायचं पक्कं नसताना नुसता 'असू दे हाताशी' म्हणून पासपोर्ट घेतला, तर ती नोकरी त्याच दिवशी धोक्यात येते. हे त्यांना कुणी सांगितलंय का?

माझं म्हणणं इतकंच, की आत्ता फक्त कागद जमवा, नोंदणी कुणाचीच करू नका. सासऱ्यांच्या जन्माची मूळ नोंद पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेली असेल. आपली नावं पोर्तुगीज कानाला ऐकू आली तशी त्या भाषेच्या स्पेलिंगने उतरवलेली असतात, त्यामुळे आधारवरचं आडनाव, लग्नाच्या दाखल्यावरचं आडनाव आणि त्या नोंदीतलं आडनाव अशी तीन माणसं वाटावीत इतका फरक पडतो. इथे अर्ज अडकतात ते बहुतेक यावरच. नोंदीची प्रमाणित प्रत, सासू-सासऱ्यांच्या लग्नाची नोंद, वहिनींचा जन्मदाखला, तिन्हींतली नावं जुळतील अशी दुरुस्ती, एवढं सासरे हिंडते-फिरते असताना करून ठेवा. त्याने नागरिकत्वाला धक्का लागत नाही. पोर्तुगाल उद्या हाही नियम आवळेल, ही भीती अगदीच निराधार नाही. तरी तेवढ्यासाठी हातची नोकरी पणाला लावावी, असं मला वाटत नाही.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की तुम्ही तिघं इकडे या. पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. त्यावर काम करायचं नसतं, तेव्हा लॅपटॉप घरी ठेवून ये. मुक्ताला इथली शाळा दाखवू, वहिनींना इथल्या शिक्षिकांशी बोलू दे, भाजीपासून घरभाड्यापर्यंत सगळ्याचे भाव तू स्वतः बघ. लिस्बनमध्ये राहून घरभाडं परवडणं हल्ली कठीण झालंय, ते आकडेही इथे आलास की तुझ्यासमोर ठेवतो.

तोवर दोन गोष्टी पाठव: गेल्या तीन वर्षांची तुझी रिटर्न, आणि सासऱ्यांच्या दाखल्याचा स्वच्छ फोटो, मागची बाजू धरून. एजंटला अनामत दिली नसशील तर देऊ नकोस, दिली असशील तर पावती आहे का ते कळव.

काकूंना नमस्कार, मुक्ताला गोड पापा.

तुझा,
सुहास