त्या वहीच्या निमित्ताने आभार

विलेपार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाच्या इतिहासाची टिपणे मी काही महिन्यांपासून जमवीत आहे. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर तीन वर्षांच्या आत, १९२३ साली, हा संघ स्थापन झाला. पार्ले तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते आणि १९५० साली ते हद्दीत आले, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या उपनगरासाठी ग्रंथालय आणि सभागृह आपणच उभे करण्याची त्या पिढीची जिद्द किती मोठी होती ते कळते. संघाचे श्री. वा. फाटक ग्रंथसंग्रहालय आणि पु. ल. देशपांडे सभागृह आज पार्लेकरांच्या रोजच्या येण्याजाण्यातले आहे.

गेल्या जुलैत, भर पावसात, माझी टिपणांची वही लोकलच्या फळीवर राहिली. वयोवृद्ध पार्लेकरांच्या आठवणी तिच्यात शाईने उतरवलेल्या होत्या आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. चौथ्या दिवशी ती स्टेशनवर परत मिळाली. ज्यांनी ती आणून दिली त्यांनी नाव सांगितले नव्हते. मात्र प्रत्येक ओल्या पानाखाली वर्तमानपत्राची पट्टी घातली होती, आणि शाई फुटलेली अक्षरे पेन्सिलीने हलकेच गिरवली होती. त्यांचे, तसेच शोधाशोधीत माझ्याबरोबर फलाटावर थांबलेल्या सर्व अनोळखी प्रवाशांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानते. त्या पट्ट्या अजून वहीतच आहेत.