तुझ्या परवाच्या फोनबद्दल

जय भीम बाळा,

परवा फोनवर तू बोलून राहिला होतास तेव्हा बाबा बाजूलाच होते म्हणून मी जास्त काही बोलले नाही, पण रात्रभर डोक्यात तेच होतं. फोनवर मला नीट सांगता येणार नाही आणि तू मधेच तोडशील, म्हणून लिहितेय.

तुझ्या ऑफिसात जून महिन्यात समलिंगी लोकांच्या प्राइड महिन्यासाठी आयकार्डाच्या त्या रंगीबेरंगी पट्ट्या वाटल्या, तू घेतली नाहीस, ठीक आहे. जबरदस्ती कोणावरच नको आणि कंपनीनं महिनाभर रंग लावून पुढे अकरा महिने विसरून जायचं हे मलाही पटत नाही. पण तुझ्या टीममधल्या त्या नेलपॉलिश लावणाऱ्या पोराची तू नक्कल करून दाखवली आणि मित्र मागे हसत होते, ते मला ऐकू आलं. मग म्हणालास, आई मी काही त्यांच्या विरोधात नाही, ते काका बघ ना तुझ्या ऑफिसातले, सगळ्यांना माहीत होतं तरी कधी गाजावाजा केला नाही, असं राहावं माणसानं.

त्या काकांचंच सांगते. त्यांना विचारून लिहितेय, नाहीतर लिहिलं नसतं.

आपल्या नागपुरात महाल भागात भाड्याच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांचे मित्र एकवीस वर्षं सोबत राहिले, आम्ही सगळे रूम पार्टनर म्हणायचो. २००६ च्या उन्हाळ्यात ते मित्र वारले. मी तेव्हा आस्थापनेत होते, रजेचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. काकांचा अर्ज आला, किरकोळ रजा, एक दिवस, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं "घरगुती काम". मी शिक्का मारला आणि पुढे पाठवला. तिसऱ्या दिवशी ते आवक-जावकच्या रजिस्टरवर बसलेले, कोणी एक शब्द विचारला नाही, कारण विचारायला काही आहे हेच कोणाला दिसलं नव्हतं. दवाखान्यात सही करायला मित्राचा भाऊ गावाहून आला, यांना बाहेर बसवलं. अंत्यविधीला हे मागे उभे होते, शेजाऱ्यांमध्ये.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच जजनी एकमतानं कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढला, दोन मोठी माणसं आपल्या मर्जीनं सोबत असतील तर गुन्हा नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका पेपर घेऊन आपल्या घरी आले. तू तेव्हा क्लासला गेला होतास. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, मॅडम, तो रूम पार्टनर नव्हता. बस एवढंच. मला तो अर्ज आठवला बाप्पा, माझ्या हातातून गेलेला.

ज्या गप्प राहण्याचं तू कौतुक करतोस ना, ते असं होतं.

आणि आता माझं सांगते, जे तुला कधी सांगितलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा पहिली चार-पाच वर्षं ऑफिसात जय भीम म्हणत नव्हते, नमस्कार म्हणायचे. टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा फोटो ठेवला नाही. एका मॅडमना माझं आडनाव उशिरा लक्षात आलं तर त्या प्रेमानं म्हणाल्या, "तुम्ही वाटत नाही हो." त्यांना ती स्तुती वाटत होती. मी हसले, आणि घरी येऊन तुझ्या आजोबांसमोर रडले. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला बुटीबोरीहून पायी आलेला माणूस तो, दारावर निळा झेंडा लावला तर गल्लीतले त्यांनाही म्हणायचे, घरात काय करायचं ते करा, झेंडा कायले पाहिजे. तुझं बोलणं ऐकताना मला ती गल्ली आठवली.

दोन्ही गोष्टी एकसारख्या आहेत असं मी म्हणत नाही. मला बाहेर नमस्कार म्हणून घरी आल्यावर जय भीम तरी होतं, आई-बाप, मावशा, सगळे आपलेच. अशा पोराला बहुतेक वेळा घरातच पहिलं लपावं लागतं. मग त्याला आपलं माणूस कोण हे कळणार कसं? म्हणून तो इंद्रधनुष्याचा झेंडा, म्हणून ती पट्टी. तू म्हणालास इंद्रधनुष्यात सात रंग, यांच्या झेंड्यात सहाच, विदेशी फॅड. अरे १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरनं बनवला तेव्हा आठ होते, पुढे गुलाबी कापड मिळेना म्हणून एक गेला, मग अजून एक. आणि विदेशीच म्हणशील तर ३७७ पण इंग्रजांनीच १८६० च्या कायद्यात लिहून दिलं होतं, ते आपण दीडशे वर्षं सांभाळलं.

बाबासाहेबांचं नाव घेतोस तर हेही वाच. र. धों. कर्वे समाजस्वास्थ्य मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे, त्यात समलिंगी संबंधांचा प्रश्न होता, अश्लील म्हणून १९३४ ला केस झाली. कोर्टात त्यांच्या बाजूनं उभं कोण राहिलं? बाबासाहेब. केस हरले, २०० रुपये दंड झाला, पण उभे राहिले.

२०१६ ला नागपुरात पहिल्यांदा या लोकांचा प्राइड मार्च निघाला. पुढच्या एका वर्षी मी संविधान चौकातून येत होते तेव्हा दिसला. ऊन उतरलं होतं तरी काही पोरींनी स्कूटीवर बांधतो तसा स्कार्फ तोंडाला बांधलेला, फक्त डोळे उघडे, आणि हातात झेंडा उंच. मी ऑटो थांबवला नाही, याचं मला आजही वाईट वाटते.

त्या पोराला सॉरी म्हण. सगळ्यांसमोर नको, त्यालाच अवघडल्यासारखं होईल, एकटा भेटला की म्हण.

दसऱ्याला, आपल्या अशोक विजयादशमीला येतोस ना, आझाद हिंदचं तिकीट आत्ताच काढ, नंतर वेटिंग लागते. दुपारी काका जेवायला येणार आहेत. मी त्यांना तुझं बोलणं सांगितलं, लपवलं नाही. ते म्हणाले, येऊ दे त्याला, मी फोटो घेऊन येतो.

तुझी आई